तीन महिने, कन्फर्म!

सिंगापूरमध्ये पुंगोलला आमचा मराठी कंपू महिन्यातून एकदा कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतो. बँकवाले बँकेचे किस्से सांगतात, आयटीवाले क्लायंटच्या नावाने बोटं मोडतात आणि पोहे संपता संपता कुणीतरी हमखास म्हणतं, "मेघना, तुझ्या गल्लीचं सांग ना!"

गल्ली माझी नव्हे. खाली दुकान, वर घर अशा शंभरेक वर्षं जुन्या शॉपहाउसची ती गल्ली. तिचा कायापालट करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि मी प्रोजेक्ट मॅनेजर होते. प्रोजेक्ट पार बोंबलला. किस्से मात्र असे साठलेत की बाहेर काढावे तेवढे थोडेच. सांगताना मी सगळ्यांना हसवते. घरी गेल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटते, ते सांगत नाही.

* * *

पहिल्या व्हिजिटला आमचा बॉस डेस्मंड गल्लीच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "धिस लेन इज डेड. वी विल ॲक्टिव्हेट इट!"

टीमने माना डोलावल्या. मीही डोलावली. मग मीटिंगसाठी जागा शोधायला निघालो. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात टेबल मिळेना. दुकानांपुढच्या व्हरांड्यात म्हातारे पट मांडून बसलेले, बायका भाजी निवडत गप्पा मारताहेत, कुणाचं तरी मांजर मधे पसरलंय.

शेवटी गल्ली मेली आहे यावरची मीटिंग आम्ही उभ्यानेच घेतली. बसायला एकही खुर्ची रिकामी नव्हती!

* * *

खुर्च्यांवरून आठवलं. व्हरांड्यात तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या होत्या. प्लास्टिकच्या, तीन पायांवर तगलेल्या, दोरीने खांबाला बांधलेल्या. डेस्मंडच्या भाषेत 'क्लटर'. मी आणि माझा सहकारी केतन, डोंबिवलीचा, दोघांनी प्रत्येक खुर्चीवर नंबराचं स्टिकर लावलं. खाली बारीक इंग्रजीत सूचना: चौदा दिवसांत हलवली नाही तर उचलून नेऊ.

ते बारीक इंग्रजी वाचणारं तिथे कुणी नव्हतं. नंबर मिळाला म्हणजे खुर्ची पक्की झाली, असाच सगळ्यांचा समज! दुसऱ्या दिवशी एक आंटी धापा टाकत घरातले दोन स्टूल घेऊन आली. "माय वन नो नंबर येट!"

केतनने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे. समजावत बसायचं तर तासभर गेला असता. मी म्हटलं, "दे रे लावून."

आंटीने दोनदा थँक्यू म्हटलं. पंधराव्या दिवशी लॉरी आली, तेव्हा तिचे स्टूल पहिल्याच खेपेत गेले.

* * *

लिम अंकल घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान कसलं, जिन्याखालच्या खांबाला टेकवलेलं काचेच्या झाकणाचं टेबल आणि एक स्टूल. वय सत्तरीपार. मुलीकडे सेंगकांगला राहायचे आणि रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गल्लीत यायचे. फरशा बदलायच्या म्हणून त्यांना उठवायचं काम माझ्याकडे आलं.

मी गोड बोलून सांगितलं, "अंकल, ओन्ली थ्री मन्थ्स. मग हीच जागा."

"थ्री मन्थ्स कन्फर्म?"

"कन्फर्म!"

त्यांनी हात पुढे केला. मी मिळवला. ड्रॉइंगमध्ये त्या खांबाशी दगडी बाक आला होता, हे मला तेव्हाच माहीत होतं.

* * *

तो बाक मात्र पाहण्यासारखा होता! काळा ग्रॅनाइट, असे सहा. पाच उघड्यावर आणि हा एक व्हरांड्यात. उद्‌घाटनाला भर दुपारची वेळ ठरली. फोटोग्राफरने प्रमुख पाहुण्यांना उन्हातल्या बाकावर बसवलं. पाहुणे बसले आणि दुसऱ्या क्षणी ताडकन उभे!

"सर, सिट अँड स्माइल प्लीज!"

"आय विल स्माइल स्टँडिंग!"

सिंगापूरच्या उन्हात काळा दगड तापतो, हे आमच्या तीन आर्किटेक्टना सुचलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्यांच्या खुर्च्या आम्ही नेल्या, ते पलीकडच्या फुटपाथवर उभे राहून बघत होते. एकही हसला नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

* * *

नंतर गल्लीत कुणी फिरकेना. पण माणसं मोजायला बसवलेल्या सेन्सरवर गर्दी ओसंडून वाहत होती. डेस्मंड खूश! शेवटी केतन एक दिवस स्वतः जाऊन बसला आणि दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, मैना आहेत. सगळ्या मैना."

मी डेस्मंडला सांगितलं. त्याने सेन्सरचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाला, "रिपोर्टमध्ये प्राण्याची जात लिहायची गरज नाही."

तो रिपोर्ट मीच लिहिला.

* * *

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. "तू काय बांधलंस ते दाखव," म्हणून मागे लागल्या. गल्ली पाहून झाल्यावर शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. ही गर्दी! सासूबाईंना एक टेबल रिकामं दिसलं. वर टिश्यूचं पाकीट होतं. त्यांनी ते उचललं, थेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि ऐसपैस बसल्या.

माझी लेक किंचाळली, "आजी, कॅनॉट लाह! समबडी चोप ऑलरेडी!"

चोप म्हणजे जागा धरणं. इथे सगळे तसंच करतात. मीही रोज जेवायच्या सुट्टीत करते. पाकीट ठेवून निवांत रांगेत उभं राहायचं, त्याला कुणी हात लावत नाही.

मी सासूबाईंना जरा फणकाऱ्यानेच सांगितलं, "आई, इथे टिश्यूचं पाकीट म्हणजे माणूसच बसलाय असं समजायचं. उचलायचं नसतं!"

"बरं बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "मला काय माहीत?"

* * *

सफाईच्या सुपरवायझरचा मेसेज रोज सकाळी व्हॉट्सॲपवर यायचा. फोटो आणि खाली एक ओळ. गल्लीत माणूसच नाही, तर कचरा कुठला? पण खांबाशेजारच्या बाकाचा फोटो रोज ठरलेला. "टिश्यू पॅकेट, अनओपन्ड. रिमूव्ह्ड." मी रोज अंगठा दाखवायचे. केतन म्हणायचा, "कुणाची तरी सर्दी बरी होत नाहीये!" मी हसायचे. वर्षभर हे चाललं.

मग प्रोजेक्ट गुंडाळायचा ठरला. शेवटच्या आठवड्यात सामानाची यादी करायला मी सकाळी लवकर गल्लीत गेले. खांबाशी लिम अंकल उभे होते. खिशातून टिश्यूचं नवं पाकीट काढून त्यांनी बाकाच्या मधोमध ठेवलं आणि नीट सरळ केलं.

मला त्यांनी लगेच ओळखलं. चेहरा उजळला.

"आह, मिस! थ्री मन्थ्स फिनिश ऑलरेडी?"

मी बाकावरच्या पाकिटाकडे पाहिलं.

"एव्हरी डे आय कम, आय चोप," ते म्हणाले. "एव्हरी डे समबडी टेक अवे. यू वर्किंग हिअर, यू नो हू ऑर नॉट?"

हातातला फोन घट्ट धरून मी म्हटलं, "नो, अंकल."

"नेव्हर माइंड लाह." माझ्या चेहऱ्यावरचा घाम पाहून त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. "टेक, टेक. आय गॉट प्लेंटी."