संपतभाऊचं कॅरेट

भुतांवर माझा विश्वास नाही. कसा असेल? आमच्या गावच्या नाटकांत भूत मीच व्हायचो... तोंडाला ज्वारीचं पीठ फासून पहिल्या रांगेतल्या बायांना किंचाळायला लावणं हा माझा आवडता उद्योग. आणि तोच मी हे सगळं भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना लिहितोय. एकट्यानं लिहायला बसलो होतो, जमलं नाही.

अचलपूरहून अमरावतीकडे येताना मेन रोड सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथे माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि उन्हाळ्यात यात्रेला विनोदी नाटक बसवायचं खूळही माझंच. आमच्या मंडळात एक पद होतं, जे बहुतेक दुसऱ्या कुठल्याच मंडळात नसेल — हसणारा. ते पद संपतभाऊचं. वांगी-टमाटे पिकवणारा, विकणारा माणूस. टमाट्याचं रिकामं प्लास्टिकचं कॅरेट पहिल्या रांगेच्या कडेला उपडं टाकून बसायचा आणि विनोद झाला की सगळ्या गावाच्या आधी हसायचा. आधी खो-खो, मग शिट्टीसारखा ओढलेला श्वास, मग खोकला. दम्याचा पेशंट होता ना. पण तोवर अख्खा मांडव हसायला लागलेला असे.

म्हणून माझा नियम कडक होता : संपतभाऊ हसतोय तोवर स्टेजवर कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. पाय उचललेला असेल तर तसाच ठेवायचा. इतक्या वर्षांत ही सवय आमच्या हाडात मुरली होती.

मागच्या पावसाळ्यात तो दम्यानंच गेला.

यंदा नाटक नको, असं मी म्हणत होतो. पण त्याचा एकुलता एक मुलगा गणेश हट्टाला पेटला — बाबाच्या जागी कॅरेट ठेवू आणि नाटक करूच. त्याची आई, इंदूवहिनी, मुश्किलीनं तयार झाली. मला म्हणाली, "पोरगं स्टेजवर बापाच्या आठवणीनं रडलं तं हात धरून घरी नेईन, भाऊजी. मले आता तेवढाच आहे."

नाटक नवं, मीच लिहिलेलं. मी कंजूष मालक. पाहुणे आले तरच कूलर लावणारा. गणेश माझा गडी. पाहुणे गेले की तो जाऊन कूलरला कडकडून मिठी मारतो — हा हुकमी हशा. कूलर खरा, लोखंडी पत्र्याचा, मंडपवाल्याकडून आणलेला. दुपारच्या रिहर्सलला गणेशनं त्याला मिठी मारून वर पापीही घेतली होती.

दिवेलागणीला पडदा उघडला. कॅरेट आपल्या जागी, आजूबाजूला दाटीवाटी, पण त्यावर कोणी बसलेलं नाही. पहिले चार विनोद मातीत गेले. आपण आधी हसायचं असतं, हे आमच्या गावाला माहीतच नव्हतं हो! मला घाम फुटला.

मग तो प्रवेश आला. पाहुणे गेले. गणेश अनवाणी, हात पसरून, चवड्यांवर कूलरकडे निघाला. कूलर गळून खालची ताडपत्री ओली झाली होती, ते आम्हाला दिसलंही नाही. विनोद अजून व्हायचा होता...

आणि कॅरेटवरून हसू आलं. खो-खो. तेच.

मी थिजलो. गणेशचा हात पत्र्यापासून वीतभर लांब, तोही थिजला. सवयच ती! मी कॅरेटकडे पाहिलं. रिकामं. आजूबाजूचे लोक शांतपणे आमच्याकडे बघतायत. हसू मात्र थांबेना. आणि मग माझ्या लक्षात आलं — माणूस हसताना मध्ये श्वास घेतो. हे हसू श्वास न घेता चाललं होतं. शिट्टी नाही, खोकला नाही, नुसतं हसू... आणि ते सरकत होतं. कॅरेटवरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून स्टेजवर, माझ्या अंगाजवळून पुढे, थेट गणेश आणि कूलर यांच्या मध्ये. गणेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो हलला नाही.

मंडपवाल्याला वाटलं, पोराला विजेचा झटका बसला. तो विंगेतून धावत आला, टेस्टर पत्र्याला लावला. टेस्टर पेटला. "मेन बंद करा," तो ओरडला. अंधार झाला, आणि त्याच क्षणी हसू तुटलं. अंधारात मंडपवाला पुटपुटला, "हात लागला असता तं चिकटलाच असता पोट्टा."

ते हसू मी आणि गणेश सोडून कोणीच ऐकलं नाही. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं, त्यातही नाही. त्यात फक्त आम्ही दोघं दिसतो. दोघांच्याही माना एकाच वेळी, हळूहळू, कॅरेटपासून कूलरपर्यंत वळत जातात. मी ते एकदाच पाहिलं. पुन्हा पाहणार नाही.

सवयीनं कानाला भास झाला म्हणावं, तर सवय विनोदानंतरच्या हशाची. आणि हे नाटक तर संपतभाऊनं पाहिलेलंच नव्हतं. कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, पण दिवसा सांगा.

दुसऱ्या दिवशी इंदूवहिनी दुकानात आली. गणेशनं तिला सांगितलं होतं. पोत्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "हसता हसता खोकलले तं नाही ना ते?"

"नाही वहिनी. एकदाबी नाही."

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि हसली. श्वासाचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.