जाऊबाईंची सुगंधी बोटं

माझ्या धाकट्या जाऊबाई एका मोठ्या गोठ्यात वासरं सांभाळतात. गाईंचं दूध विकायला जातं, म्हणून आईचा चीक पिऊन झाला की वासरांना पावडरीच्या दुधावर वाढवतात. जाऊबाई कोमट पाण्यात पावडर टाकून गुठळ्या मोडेपर्यंत घुसळतात, मनगटावर थेंब टाकून बघतात आणि मगच बादली उचलतात. नवख्या वासराला बादलीतून पिणं ठाऊक नसतं. त्याला दुधात बुडवलेली बोटं चोखायला द्यायची आणि हात हळूहळू बादलीत न्यायचा. बोटं कधी काढून घेतली, हे त्याला कळतही नाही. या कामात जाऊबाईंचा हात धरणारं कुणी नाही. हे त्या स्वतःच सांगतात.

मागच्या हिवाळ्यात एक अशक्त कालवड जन्मली. मालक म्हणाले, "काकू, हिला बादलीवर आणलीत, तर ही तुमची." जन्मभर दुसऱ्याची वासरं वाढवलेल्या बाईला स्वतःचं वासरू! जाऊबाईंनी घरामागची पडवी लगेच झाडून ठेवली.

पण कालवड दुधाला तोंडच लावेना. बोटं पुढे केली की मान फिरवून शिंकायची. जाऊबाईंनी बादली घासली, पाणी जरा गरम घेतलं, दोन लाडाचे शब्द बोलून पाहिले, चार रागाचेही. सकाळ तशीच गेली.

"संध्याकाळीही नाही प्याली, तर डॉक्टरांना नळी घालायला बोलावतो," मालक म्हणाले. "आणि मग आपलं ठरलेलं विसरा."

संध्याकाळी मी आणि त्यांची सून चहा घेऊन गेलो, तेव्हा जाऊबाई कालवडीपुढे बसून गयावया करत होत्या. "पी गं बाई, इतक्या वर्षांची माझी अब्रू घालवू नकोस!"

"आई, मी बघू का?" सुनेनं विचारलं.

"तू? तुला वासराचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, ते तरी कळतं का?"

"शेपूट मागे असतं ना?" म्हणत सुनेनं बोटं दुधात बुडवली.

कालवडीनं ती हुंगली आणि चक्क चोखायला लागली. जरा वेळानं तिचं तोंड बादलीत होतं आणि सुनेचा हात बाहेर.

जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वा! कालची आलेली सून, आणि कालवड हिला बरी ओळखते!" असं म्हणत त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, तर माझ्या नाकात गुलाबाचा भपकारा शिरला.

"अहो, हाताला काय फासलंय?"

"हिनंच दिलेलं क्रीम. भेगांसाठी. हात धुतला की लगेच लावते."

सुनेनं कपाळाला हात लावला. "आई, ते रात्री झोपताना लावायचं होतं!"

"तू एवढं प्रेमानं दिलेलं, मी काय कंजूषपणा करायचा? बाकीची वासरं बरी प्यायली!"

"त्यांना बादली येते. तुमची बोटं लागतात कुठे?"

तेवढ्यात मालक आले. रिकामी होत आलेली बादली बघून हसले. "पाजलं सुनेनं. मग कालवड कुणाची, काकू?"

"कुणाची का असेना," जाऊबाई तिच्या गळ्यात दोरी अडकवत म्हणाल्या, "बांधायची आमच्याच पडवीत."

क्रीमची डबी अजून संपलेली नाही. जाऊबाई आता ते टाचांना लावतात. कालवड टाचा चोखत नाही, एवढी खात्री त्यांनी करून घेतली आहे.