भिंतीवरची चक्की कोणाची

तिरोड्याच्या कॉम्प्युटर क्लासात मोनाली मेश्राम शिकवायची. तिचा एक धडा मुलांना फार आवडायचा. प्रोग्राममधल्या फंक्शनला दोन गोष्टी लागतात, पण आधी एकच द्यायची. दुसरीची ते वाट पाहत बसतं. "चक्कीसारखं," ती सांगे. "एकदा जाड लावून ठेवली, की मग गहू टाका का तांदूळ, जाडच निघणार." याला करीइंग म्हणतात, हे मुलं मागाहून शिकत.

२०११ साली क्लासचे मालक इंद्रकुमार पटले यांनी भिंतीवर चक्कीचं चित्र काढायला कवडू पेंटरला बोलावलं. खाली लिहायचं होतं, 'मोनाली मॅडमची चक्की'.

मोनालीनं कवडूचा ब्रश थांबवला. धडा तिचा नव्हताच. गोंदियात ती शिकत होती तेव्हा लोडशेडिंगनं संगणक बंद पडले, की तिच्या शिक्षिका शामकलाबाई बिसेन मुलींना शेजारच्या डिझेलवरच्या चक्कीत नेऊन हाच धडा देत. इंग्रजी पुस्तकानं रडवलेल्या मोनालीला तिथं, उडत्या पिठात, पहिल्यांदा उमगलं. सकाळची बुद्धवंदना झाली, की आईबापांपाठोपाठ ती मनात बाईंचं नाव घ्यायची.

"कवडूभाऊ, माझं नाव नका टाकू. बाईंचं टाका."

इंद्रकुमार हसले. "मॅडम, क्लास तुमच्या नावानं चालून राहिला. बाईले इथं कोण ओळखते?"

तिनं तिथूनच बाईंना फोन लावला. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "कायले जीव जाळून राहिली वं? करीइंगले करी साहेबाचं नाव लागलं, पण ते त्याच्या आधी शॉनफिंकेल नावाच्या गणितज्ञानं लिहिलं होतं. नाव करीचंच चिकटलं. मी काय भांडू?"

"पण बाई, करीनं स्वतःच सांगितलं ना, हे शॉनफिंकेलचं म्हणून? तुम्हीच तं शिकवलं आम्हाले."



"हो वं, सांगितलं त्यानं," बाई हळूच म्हणाल्या. "मग चक्कीवाल्या चैतरामलेही सोडू नको. मेला कुरकुर करे, पण गिऱ्हाईक थांबवून चक्की आपल्याले देत होता."

कवडूनं अक्षरं बारीक केली. इंद्रकुमार थोडे पुटपुटले, मग त्यांनीच शिडी धरली. भिंतीवर आलं, 'चैतरामची चक्की, शामकलाबाईंचा धडा'.

मोनालीनं नकळत हात जोडले.

"मॅडम, भिंतीले काऊन हात जोडून राहिल्या?" कवडूनं शिडीवरून विचारलं.

"रंग ओला हाये, भाऊ. उतरा सांभाळून," ती म्हणाली, आणि डोळे पुसत वर्गात गेली. मुलं येऊन बसली होती.