सुई चालली, बाटली न्हाई चालली

कंपाउंडर म्हणाला, "बाहेर चपलांपाशी बसा," आणि मी बसलो. नुसता बसलो असतो तर चाललं असतं. वर "थँक्यू साहेब" म्हणालो. बी.ए. झालेला ना मी!

शेजारी सुदाम, माझा जिवलग. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. आम्ही दोघं गेवराईकडच्या बौद्धवाड्यातले, बीडच्या एका दवाखान्यात आलेलो. कंपाउंडरनं आमची आडनावं वाचली, दंडावरच्या सुयांच्या खुणा पाहिल्या. म्हणाला, "तुमच्या लोकांचं असंच. आधी नशा सोडा, मग या."

तेवढ्यात गाडीतून विक्रम उतरला. आमच्याच गावच्या सरपंचाचा पुतण्या. गुंगीचं इंजेक्शन आम्ही तिघं एकाच सुईनं घ्यायचो. आधी तो, मग आम्ही. त्याची पाण्याची बाटली मात्र वेगळी. तिला आम्ही हात लावायचा न्हाई. सुईला विटाळ नव्हता, बाटलीला होता. आणि मी येडा म्हणायचो, काय दिलदार माणूस!

त्यालाही तीच कावीळ. मी दात काढून हात हलवला. वाटलं, वशिला आला. त्यानं मान फिरवली. कंपाउंडर त्याला म्हणाला, "या दादा, बाहेरचं पाणी बाधलं असंल." त्याची बाही लांब होती. कुणी वर करून बघितली न्हाई.

मी सुदामला घेऊन निमूट परत आलो. दोन महिन्यांत त्याला माती दिली. गाव म्हणालं, नशेनं मेला. काविळीचं नावसुद्धा कुणी काढलं न्हाई. विक्रम औषध घेऊन ठणठणीत झाला. आता शाळेत व्यसनमुक्तीवर भाषणं देतो. पोरं टाळ्या वाजवतात. थू!

गेल्या सोमवारी त्याच दवाखान्यात गेलो. माझ्याही रक्तात तीच सुईतून आलेली कावीळ निघालीय. तोच कंपाउंडर. "बाहेर."

"न्हाई बसत," मी म्हणालो. "न तपासता घालवायचं असंल तर तसं लिहून द्या. सहीनिशी."

तो डॉक्टरकडं बघाया लागला. डॉक्टर टेबलाकडं. मग मला खुर्ची दाखवली. औषध चालू झालं.

वाड्यातली आणखी चार पोरं सुई घेतात. एकेकाला घेऊन जाणार. त्याच खुर्चीवर बसवणार. हाकलून दाखवा.

हे सगळं सुदामच्या बायकोला छाती काढून सांगितलं. ती कापूस निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढं बोलाया माझा माणूस मरावा लागला व्हय, भावजी?"