ॲल्फ्रेडचा उन्हातला फोटो

जपानमधल्या त्या बागेचं फाटक आम्हाला बंद मिळालं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार. "ऊन उतरू दे, मग निघू," असं हॉटेलात मीच म्हणालो होतो. डिसेंबर महिना, बाहेर आठ डिग्री, अंगावर दोन-दोन स्वेटर, आणि तरी मला ऊन उतरायला हवं होतं! अठरा वर्षं शारजात काढली की डोक्यात पक्कं बसतं: बागेत जायचं ते मगरिबच्या, म्हणजे सूर्य बुडाल्यावरच्या अजाननंतर. आमच्या अल नहदाच्या बागेला जागच तेव्हा येते. इथे साडेतीनला शेवटचं तिकीट आणि साडेचारला खलास. आम्ही पोचलो चारला. तिकीटखिडकीतल्या बाईंनी कमरेत वाकून इतक्या अदबीनं 'नाही' सांगितलं, की भांडताही येईना.

"अंकल, डिडन्ट यू चेक?" शेजारच्या ॲल्फ्रेडची मुलगी ट्रेसी म्हणाली.

"चेक?" माझी बायको उर्मिला तयारच होती. "यांनी एक्सेल केलंय बाई. रंगीत."

ॲल्फ्रेड फाटकाच्या फटीतून आत बघत होता. मला त्याचीच भीती वाटली.

ॲल्फ्रेड रुमाव आमच्याच मजल्यावरचा. मूळचा वसईचा, दुबईत देरातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं. उजाडायच्या आत बस, दिवसभर तळघरात चादरींचे ढीग, आणि परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये सूर्य बुडालेला. आठवड्याची एक सुट्टी, ती मंगळवारी. तेव्हा ट्रेसी शाळेत. मग हा रात्री जेवून लेकीला बागेत न्यायचा. त्यामुळे बापलेकीचे बागेतले जेवढे फोटो, तेवढे सगळे फ्लॅशचे. पहिला झोका, पहिली सायकल, दात पडलेली ट्रेसी. मागे काळंकुट्ट आणि पुढे लाल डोळ्यांचा ॲल्फ्रेड. त्याची बायको मॉली म्हणते, "पोरीला वाटायचं, पप्पा उन्हात विरघळतात."

ट्रेसी सात वर्षांची असताना तिनं या बागेचा व्हिडिओ पाहिला होता. ढगांसारख्या पांढऱ्या गुबगुबीत टेकड्या, त्यांवर उड्या मारणारी पोरं, बाजूला गवतावर डबे उघडून बसलेले आईबाप. "पप्पा, कॅन वी गो?" "इन्शाल्ला," बाप म्हणाला. आखातात वाढलेल्या पोरांना बापाच्या इन्शाल्लाचा अर्थ लवकर कळतो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आता जानेवारीत ती नोकरीला आयर्लंडला चालली होती. तिकडे जाण्याआधी हे एक व्हायला हवं, म्हणून ॲल्फ्रेडनं साठवलेली रजा काढली. अमिरातीच्या नॅशनल डेच्या सुट्टीला जोडून दोन कुटुंबांनी जायचं ठरलं आणि त्यानं विश्वासानं सगळं प्लॅनिंग माझ्याकडे दिलं. "मला फक्त ती बाग दे," एवढंच म्हणाला होता. मी त्याला तीन देवळं, दोन मॉल आणि एक किल्ला दिला. बाग राहिली.

बाहेर जायच्या फाटकातून कुटुंबं निघत होती. एका बापाच्या खांद्यावर मुलगी झोपली होती. ॲल्फ्रेड तिच्या लोंबत्या बुटांकडे बघत राहिला.

"इट्स ओके, पप्पा," ट्रेसी म्हणाली. "आय ॲम ट्वेन्टी-टू."

"म्हणूनच," तो म्हणाला. मग बंद खिडकीपाशी जाऊन त्यानं पाटी नीट वाचली. "सकाळी साडेनऊला उघडतं. उद्याची फ्लाइट रात्रीची ना?"

"उद्या शॉपिंग आहे," मी कसाबसा म्हणालो. "एक्सेलमध्ये..."

"शॉपिंग खलास. आम्ही तिघं साताला निघतो. मॉली, घरून आणलेल्या पोळ्या उरल्यात का?"

"डब्याचं मी बघते, तू फक्त जागा हो," मॉली म्हणाली. ट्रेसीनं बापाचा हात धरला. रस्ता ओलांडतानासुद्धा ती तो धरत नाही.

मला फार अपराधी वाटत होतं. "ॲल्फ्रेड," मी म्हणालो, "मीपण येतो रे. तिघांचा एकत्र फोटो काढायला कुणीतरी हवं ना?"

"नको. तू आलास की अंधार पडतो."