मार मागे, रक्त पुढे

हिंजवडीच्या बाजूला गेलो, की मला ती गच्ची अजून दिसते आणि निवृत्तीनंतरही अंगात वीज खेळते. मी तेव्हा तिथे वरिष्ठ निरीक्षक होतो.

सकाळी ठाण्यात फोन आला. पुतण्याने चुलत्याच्या डोक्यात कोयता घातला, एवढेच सांगून एका माणसाने नाव न देता फोन ठेवला. आम्ही चुलत्याच्या घरी पोहोचलो तर पुतण्याच चुलत्याला गाडीत घालून रुग्णालयात घेऊन गेला होता. त्याचा शर्ट रक्ताने भिजलेला. जमिनीच्या वाटणीवरून त्याचे वडील आणि हा चुलता एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक. रुग्णालयाच्या कागदावरही लिहिलेले, ‘कोयत्याने मारहाण’. चुलता बेशुद्ध.

चौकशीत पोरगा पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, “मीच मारलं.” कोयता कुठे? नदीत टाकला. कुठल्या काठावरून? “मारलं म्हटलं ना, आत टाका.” आमचे हवालदार खूश झाले, मी नाही. खरा गुन्हेगार आधी पन्नास थापा मारतो. हा तुरुंगात जायची घाई करत होता. शिवाय पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. चुलता दगावला असता तर मात्र सगळा संशय या पोराच्या गळ्यात पडणार होता.

मी मेंदूच्या डॉक्टरबाईंना गाठले. बाई सदाशिव पेठेतल्या, शब्द मोजून वापरणाऱ्या.

“अहो, कोयता कुणी पाहिला?” त्यांनी विचारले.

कागदावर आहे, मी म्हणालो.

“कागदावर शेजाऱ्यांनी सांगितलेलं आहे. जखम मी पाहिलीय.”

टाळूची कातडी हाडावर ताणलेली असते. बोथट मार बसला तरी ती सरळ फाटते आणि कापल्यासारखी दिसते. पण बाईंनी केस काढून पाहिले, तेव्हा कडा ठेचलेल्या होत्या आणि दोन्ही कडांना जोडणारे आतले मांसाचे धागे तुटलेले नव्हते. धार असती तर तेही कापले गेले असते. मग त्यांनी स्कॅन लावले. जखम डोक्याच्या मागे आणि मेंदूतले रक्त पुढे, कपाळामागे. स्थिर डोक्यावर घाव बसला, तर इजा बहुधा घावाखाली होते. पडणारे डोके जमिनीवर आपटले, की मेंदू आत हिसका खाऊन समोर दुखावतो. हा माणूस मागच्या मागे पडला होता! मी खुर्चीतून उठलोच.

“बसा. घसरला की ढकलला, हे स्कॅन सांगत नाही. ते तुमचं काम.”

चुलता जिथे पडलेला सापडला होता, त्या त्याच्या घराच्या गच्चीवर तडक गेलो. टाकी भरून वाहिलेली, खाली शेवाळ, त्यावर चप्पल सरकल्याची लांब रेघ आणि पायरीच्या कडेला वाळलेल्या रक्तात चिकटलेले केस. तिथेच पंचनामा केला. पुढे चुलता शुद्धीवर आला आणि जबाबात म्हणाला, “टाकी वाहत हुती, कॉक बंद कराया गेलो, पाय सटकला. कोण बी न्हवतं तिथं.”

रुग्णालयाच्या नोंदीत जखमेला एक कोड असतो आणि ती कशाने झाली याला दुसरा. दुसऱ्या रकान्यात ऐकीव माहितीवरून ‘धारदार शस्त्राने हल्ला’ हा कोड पडला होता. बाईंनी स्वतः लिहून तो ‘घसरून पडणे’ असा दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ठाण्यात मी हेच घोकून घेतले, की लोकांनी सांगितलेले वेगळे लिहा आणि तुम्हाला दिसलेले वेगळे. एकाच्या अफवेवर तिघांनी सह्या केल्या, की ती पुरावा वाटू लागते.

पोराला सोडले तेव्हा त्याचे वडील ठाण्यात उभे होते. न केलेला गुन्हा का कबूल केलास, असे मी विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “त्या सकाळी हे माझे आबा चुलत्याच्या गच्चीवरनं रागानं उतरताना दिसले हुते. मला वाटलं, त्यांनीच…”

वडील माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “साहेब, तो फोन मीच केला हुता. डोकं कापल्यागत अन् ह्याचा शर्ट रक्तानं भिजल्याला बघून मला वाटलं, ह्यानंच.”