हवेला वाट देणारे बिराजदार सर

प्रा. रेवणसिद्ध बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट कार्यशाळेत झाली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा तो पहिला तास. सरांनी आम्हाला एका मोठ्या पंख्यासमोर उभे केले, काठीला बांधलेला सुताचा तुकडा पंख्याच्या कडेला धरला आणि विचारले, "हा मागे का वळतोय?"

मी भीतभीत म्हटले, "हवा उलटी येतेय, सर."

"येतेय हे दिसतंय. का येतेय, ते सांग."

उत्तर शोधायला मला आठवडा लागला. ते बरोबर निघाले तेव्हा सरांनी शाबासकी दिली नाही, पुढचा प्रश्न दिला. पुढे त्यांच्या हाताखाली संशोधन करताना आणि आता त्याच महाविद्यालयात शिकवतानाही हा क्रम बदललेला नाही.

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरची भाषा कानडी. शिकवतात स्वच्छ मराठीत, पण आकडेमोड पुटपुटत कानडीतच करतात. अध्यापनात येण्यापूर्वी ते एका सूतगिरणीत हवा खेळती आणि दमट ठेवणाऱ्या यंत्रणेवर होते. सोलापूरच्या कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून हवा कुठून येते आणि कुठे अडते याकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना तिथेच लागली. पंख्यांच्या आवाजात काढलेल्या त्या वर्षांनी त्यांचा डावा कान मात्र थोडा अधू केला.

निवृत्तीनंतर सरांनी हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या यंत्राचे काम हाती घेतले. हा वायू हवेत इतका विरळ असतो की थोडासा गोळा करायलाही प्रचंड हवा शोषकातून, म्हणजे हा वायू धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या थरातून, ओढावी लागते. ती ओढणाऱ्या पंख्याला वीज लागते. हवेची वाट अवघड असेल, तर यंत्राचा फायदा त्या विजेतच संपतो. सरांनी शोषकाचा थर पातळ केला, तो बसवायची चौकट रुंद केली, मार्गातली वळणे काढून टाकली. हवेचा वेग मोजण्याचे काम माझ्याकडे होते. आकडे फारच चांगले आले. त्यावर एक शोधनिबंधही छापून झाला.

पुढच्या टप्प्याला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीची भेट आठवड्यावर आली होती. आमचे तंत्रज्ञ नातेपुत्याचे. त्यांना आम्ही सगळे वाघमोडेमामा म्हणतो. शोषकाची चौकट साफ करायला काढली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ही मधीच काळी पडलीया बगा. कडंला धूळच न्हाय. तितं हवा जातच नसंल की."

धूळ कशीही बसते, असे मी म्हणाले. सरांनी ते ऐकले. ते चौकटीपाशी गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग मला विचारले, "वेग कुठे मोजलास?"

"मधोमध, सर."

"आणि कोपऱ्यात?"

कोपऱ्यात मी मोजलाच नव्हता. मधला वेग मी सगळ्या चौकटीला धरला होता. चौकटभर सुताचे तुकडे बांधून पंखा लावला, तेव्हा मधले ताठ झाले आणि कोपऱ्यांतले लोंबत राहिले. पंखा चौकटीच्या फार जवळ होता, म्हणून तो मधूनच हवा ओढत होता. आमचे आकडे चुकीचे होते.

एका सहकाऱ्यांनी सुचवले, "सर, आत्ता आहे तसंच दाखवू. नंतर दुरुस्त करता येईल."

"मग समितीला बोलावलंय कशाला?" सर म्हणाले.

समितीपुढे त्यांनी काळी पडलेली चौकटच उभी केली. "मोजणीची पद्धत मी तपासायला हवी होती. तपासली नाही. छापलेला निबंध आम्ही मागे घेत आहोत," एवढेच ते बोलले. मान्यता वर्षभर लांबली.

माझ्या चुकीच्या शरमेने मी महाविद्यालयात जाणे बंद केले. चौथ्या दिवशी दुपारी सर शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या घरी आले. माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणत. सर तासभर त्यांच्याशी मागाबद्दलच बोलत बसले. वडिलांना मराठी शब्द सुचला नाही की ते तेलुगूत सांगत, मी अर्थ सांगायची. माझ्या चुकीचा विषय निघाला नाही. शेवटी मीच विचारले, "सर, समितीला माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझं नाव घेतलं असतं, तर हवा कोपऱ्यात गेली असती का?" पायात चपला सरकवत ते म्हणाले, "उद्या नऊला ये. कोपरे मोजायचेत."

पंखा मागे नेणे, पंखा आणि चौकट जोडणारा डबा हळूहळू रुंदावत नेणे, प्रत्येक बदलानंतर सगळी चौकट मोजणे, यात ते वर्ष गेले. हवा कोपऱ्यांपर्यंत सारखी पोहोचू लागली आणि तेवढ्याच कामाला पंख्याला वीजही कमी लागू लागली. समिती पुन्हा आली. या वेळी मान्यता मिळाली. नव्या निबंधावर सरांनी वाघमोडेमामांचे नाव घातले. मामा संकोचले. "माजं नाव कशाला, सर? मी नुसती धूळ बगितली."

"आम्ही तीही बघितली नव्हती," सर म्हणाले.

सरांबरोबर काम करणे सोपे नाही, हेही नोंदवले पाहिजे. ते चटकन चिडतात, दहा मिनिटांचा उशीर खपवून घेत नाहीत आणि कौतुक जवळजवळ करतच नाहीत. एका पाहुण्यांनी उत्साहाने विचारले होते, "या यंत्रानं सोलापूरचं ऊन कमी होईल ना?" सरांनी तत्काळ सांगितले, "नाही. हे फार लहान आहे. यातून फक्त मोठं कसं करायचं ते कळेल." पाहुणे हिरमुसले. सरांच्या ते लक्षातही आले नाही.

या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांच्या टेबलावर शोषकाच्या नव्या रचनेचे आराखडे पसरलेले होते. किती दिवसांचे काम आहे, असे विचारले. "तीन वर्षं तरी लागतील," सर सहज म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढू लागले. पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांनी ते काम सुरू केले आहे. ते पुरे होईपर्यंत, त्यातल्या चुका सापडून दुरुस्त होईपर्यंत आणि त्यानंतरचा प्रश्न आमच्यापुढे टाकेपर्यंत सरांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि उशीर झाला म्हणून त्यांचे रागावणे आमच्या वाट्याला दीर्घकाळ येत राहो.